राजमती : एका नावाची वाटचाल

कापडाच्या पेढीवर आयुष्य घालविलेल्या माणसाला गिऱ्हाइकांच्या घरांतील नावे आपोआप पाठ होतात. याला कारण लग्नाचा बस्ता. बस्ता बांधावयाचा म्हणजे केवळ वधूचा शालू काढून भागत नाही. दोन्हीकडील आज्ज्या, आत्या, मावश्या, माम्या, करवल्या अशा साऱ्यांची यादी घेऊनच मंडळी येतात. मानाप्रमाणे एकेक साडी बाजूला पडते आणि तिला नावाची चिठ्ठी टाचली जाते. माझे वडील या याद्या स्वतःच्या हाताने लिहीत व लग्न पार पडल्यानंतरही जपून ठेवीत. एखाद्या घराने पूर्वी कोणाला काय दिले, हे पुढच्या लग्नात विचारले जाई, म्हणून ही खबरदारी.

बी. कॉम. होऊन मी पेढीवर बसू लागलो, तेव्हा त्या याद्या चाळण्याचा मला नाद लागला. कोल्हापूर व आसपासच्या जैन घरांतील याद्यांत त्रिशला, पद्मावती, चंपाबाई, जिनमती या नावांबरोबर एक नाव हमखास आढळे. ते म्हणजे राजमती. सर्वांत जुन्या याद्यांत ते वधूच्या शालूवर होते. पुढे ते मामी व मावशी यांच्या साड्यांवर आले. नंतर यादीच्या आरंभी, आज्ज्यांच्या नऊवारी लुगड्यांवर गेले. अलीकडे ते क्वचितच दिसते आणि वधूच्या शालूवर तर कित्येक वर्षांत पाहिल्याचे मला स्मरत नाही. एकेकाळी घरोघरी असलेले हे नाव विरळ कसे झाले, याचा शोध घेण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

नावाचा उगम व अर्थ

राजमती या नावाचे मूळ संस्कृत रूप राजीमती असे आहे. राजी म्हणजे ओळ, रेषा, पंक्ती. वनराजी, वृक्षराजी हे शब्द मराठी वाचकाच्या नित्य परिचयाचे आहेत. त्यांतील राजी तीच ही. त्या अर्थाने राजीमती म्हणजे रेषा किंवा पंक्ती यांनी युक्त अशी. प्राकृतात मधली व्यंजने गळून या नावाचे राईमई झाले. लोकांच्या तोंडी दीर्घ ईकार प्रथम ऱ्हस्व झाला व मग लोपला, आणि राजमती हे रूप रूढ झाले. रूप बदलले तसा लोकांच्या मनातील अर्थही बदलला. राजाला शोभेल अशी जिची मती ती राजमती, असे आमच्या वडीलधाऱ्या मंडळींकडून आम्ही ऐकले. व्युत्पत्तीच्या दृष्टीने हा अर्थ मागाहून आलेला असला, तरी तो लोकांनी प्रेमाने दिलेला आहे. गुजरात, राजस्थान व हिंदी प्रांतांत याच नावाचे राजुल असे लाडके रूप झाले.

हे नाव केवळ जैनांचेच आहे असेही नाही. जुन्या राजस्थानी भाषेतील 'बीसलदेव रासो' या नरपती नाल्हाच्या काव्याची नायिका राजमतीच आहे. तिचाही पती तिला सोडून दूरदेशी जातो. परंतु आपल्या घरांत हे नाव आले ते बाविसावे तीर्थंकर भगवान नेमिनाथ यांच्या कथेतून.

कथा आणि तिचा प्रवास

कथा सर्वांना ठाऊक आहे. यादवकुळातील नेमिकुमारांचा विवाह उग्रसेनाच्या कन्येशी, राजीमतीशी, ठरला. वरात निघाली. वाटेत कोंडलेल्या पशूंचा आक्रोश कानी आला. हे पशू विवाहाच्या भोजनासाठी आहेत असे कळताच नेमिकुमारांनी रथ फिरविला आणि गिरनारची वाट धरली. त्यांच्या दीक्षेची तिथी श्रावण शुद्ध षष्ठी मानली जाते. राजीमतीला दुसरा वर पाहता आला असता. तिने ते नाकारले व स्वतः दीक्षा घेतली.

ही कथा पुन्हा पुन्हा सांगितली गेली. जिनसेनाचार्यांचे हरिवंशपुराण शके ७०५, म्हणजे इ. स. ७८३ मध्ये पूर्ण झाले. त्यात ती सविस्तर येते. अबूच्या पहाडावर देलवाडा येथे तेजपालाने उभारलेले लूणवसही हे मंदिर नेमिनाथांचे असून त्याची प्रतिष्ठा विक्रम संवत १२८७, म्हणजे इ. स. १२३०-३१ मधील आहे. तेथे छताच्या संगमरवरात नेमिनाथांची वरात कोरलेली आहे. गुजरातीच्या आरंभकाळात विनयचंद्रसूरींनी 'नेमिनाथ चतुष्पदिका' लिहिली. तीत राजुल व तिची सखी यांचा बारा महिन्यांचा संवाद असून बारमासा या काव्यप्रकाराचा तो एक फार जुना नमुना गणला जातो.

आपल्या कोल्हापूरशीही या कथेचा जुना संबंध आहे. बाराव्या शतकात येथे शिलाहारांचे राज्य होते. शुक्रवार दरवाजाजवळील जैन मंदिरातील शके १०६५, म्हणजे इ. स. ११४३ चा शिलालेख शिलाहार विजयादित्याच्या काळातील आहे. याच विजयादित्याच्या मंत्र्याच्या आश्रयाने कर्णपार्य या कवीने कन्नडमध्ये 'नेमिनाथपुराण' रचले. आपल्या भागातील अनेक जैन घरांची बोली पिढ्यान्‌पिढ्या कन्नड होती, हे ध्यानात घेतले म्हणजे नेमिनाथ व राजमती ही नावे येथे इतकी खोल का रुजली याचा उलगडा होतो. पुरुषांमध्ये नेमगोंडा, नेमिनाथ, नेमचंद ही नावे सर्वत्र आढळतात. राजाराम महाविद्यालयात १९३० पासून अर्धमागधीचे अध्यापन करणारे थोर विद्वान डॉ. आ. ने. उपाध्ये यांच्या नावातील 'ने.' म्हणजे नेमिनाथच होय.

आमच्या घरातील एक प्रसंग

माझ्या आजीचे नाव राजमती होते. माझ्या मुलीच्या जन्माच्या आदल्या वर्षी ती निवर्तली. बारशाच्या दिवशी वडिलांनी इच्छा व्यक्त केली की मुलीला आजीचे नाव द्यावे. घरातील बायकांनी माना डोलावल्या. पाळणा सजला होता, घुगऱ्या वाटून व्हावयाच्या होत्या. इतक्यात नात्यातील एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "जिच्या दारातनं वरात माघारी गेली, तिचं नाव पोरीला ठेवायचं व्हय?"

क्षणभर कोणीच बोलले नाही. वडिलांनी माझ्याकडे पाहिले. मुलीचा बाप मी होतो. त्यांना उत्तर देणे मला कठीण नव्हते, परंतु मी खाली मान घातली. माझ्या बहिणीने मग त्या काळी चलनात असलेले दुसरे एक नाव मुलीच्या कानात सांगितले. वडिलांनी तो विषय पुन्हा काढला नाही. मात्र अखेरपर्यंत ते नातीला 'राजू' म्हणूनच हाक मारीत. पेढीवर आलेल्या गिऱ्हाइकांना वाटे की यांना नातू आहे.

त्या दिवशी मला जे सुचले नाही, ते पुढे पुष्कळ वर्षांनी, याद्या चाळता चाळता सुचले. वरात माघारी नेली ती नेमिनाथांनी. असे असूनही मुलाचे नाव नेमिनाथ ठेवताना आजवर कोणी शंका काढल्याचे माझ्या ऐकिवात नाही. आणि ते योग्यच आहे, कारण ती वरात करुणेपोटी परतली होती. मग त्याच प्रसंगातील कन्येचे नाव तेवढे अशुभ कसे ठरले? मुलाच्या नावात आपण त्याग पाहिला व मुलीच्या नावात मोडलेले लग्न पाहिले. कथा एकच होती, मापे मात्र आपण दोन वापरली. गज हातात घेऊन बसणाऱ्या व्यापाऱ्याला हे फार उशिरा उमगले, याची खंत वाटते.

नाव का टिकले?

वस्तुतः राजीमतीचे मोठेपण मंडपाच्या दारात संपत नाही. श्वेतांबर आगमांतील उत्तराध्ययन सूत्राच्या बाविसाव्या अध्ययनात तिची पुढील कथा आहे. साध्वी झालेली राजीमती रैवतक पर्वतावर जात असता पावसात सापडते व एका गुंफेचा आसरा घेते. तेथे नेमिनाथांचे बंधू रथनेमी, जे स्वतः मुनी झालेले आहेत, तिला पाहून विचलित होतात. ती भयभीत होते, पण लगेच सावरते आणि कुल, व्रत व संयम यांचे स्मरण देऊन त्यांना खडसावते. तिच्या वचनांनी रथनेमी पुन्हा मार्गावर येतात. सूत्रात तेथे हत्तीला आवरणाऱ्या अंकुशाची उपमा योजली आहे. जिला आपण 'बिचारी' म्हणतो, ती या प्रसंगी एका मुनीची मार्गदर्शक झालेली दिसते. गिरनारवर आजही राजुलची गुंफा दाखवितात व यात्रेकरू तेथे नतमस्तक होतात.

आणखी एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. नेमिनाथांच्या संघात चाळीस हजार आर्यिका होत्या असे परंपरा सांगते. त्यांच्या प्रमुख आर्यिकेचे नाव यक्षी अथवा यक्षिणी असे दिलेले आहे. ते नाव अभ्यासकांपुरते राहिले आणि घराघरांत पोहोचले ते राजीमतीचे. लोकांनी हे नाव पदाकडे पाहून निवडलेले नाही. दुःखातून स्वतः वाट काढणारी स्त्री त्यांना जवळची वाटली. सोलापूरच्या ज्या श्राविकाश्रमात पं. सुमतीबाई शहा यांनी स्त्रीशिक्षणाचे मोठे कार्य केले, त्याच्या नावातही क्षुल्लिका राजुलमती यांचे नाव आहे. विधवा व निराधार भगिनींच्या शिक्षणाशी हे नाव जोडले जावे, यातील औचित्य वेगळे सांगावयास नको.

उपसंहार

नावे बदलतात, जशी वस्त्रे बदलतात. आमच्याच दुकानात इरकलीची जागा जॉर्जेटने घेतली आणि त्यानंतर आणखी किती प्रकार आले व गेले. आजच्या आईबापांना दोन अक्षरी, सुटसुटीत नाव हवे असते. त्यात गैर काही नाही. म्हणून आपल्या कन्येचे नाव राजमतीच ठेवावे, असा माझा आग्रह नाही.

एवढेच सुचवावेसे वाटते की, प्रत्येकाने आपल्या घरातील आज्ज्या-पणज्यांची नावे एका कागदावर लिहून ठेवावीत व त्यांच्यामागील कथा मुलांना सांगाव्यात. आणि कधी काळी एखाद्या बारशाला कोणी राजमती हे नाव सुचविलेच, तर लांब आहे, जुने आहे, उच्चारास जड आहे अशी कोणतीही हरकत घ्यावी. परंतु वरात परत गेली हे कारण कोणी देऊ नये. आणि कोणी ते दिलेच, तर मुलीच्या बापाने खाली मान घालून बसू नये.