एकास दीड, एकास एक

खानापूर तालुक्यातल्या विट्याच्या परिसरात खरिपाला बाजरी, रब्बीला शाळू आणि पाऊस हुकला की दोन्ही हंगाम कोरडे. अशा रानाला नदीचं पाणी द्यायचं की नाही, हे सरकारदरबारी एका आकड्यावर ठरत आलं. पाटबंधारे खात्यात त्याला लाभव्यय गुणोत्तर म्हणतात. त्याचं मूळही दुष्काळातच सापडतं.

१८७६ च्या मोठ्या दुष्काळानंतर आयोग बसला. त्याच्या १८८० च्या अहवालानंतर इंग्रज सरकारात पाटबंधाऱ्यांचे दोन वर्ग रूढ झाले. पाणीपट्टीतून भांडवलाचं व्याज सुटेल ते उत्पादक. दुष्काळात माणसं तगावीत म्हणून, तोटा धरूनच बांधायचे ते संरक्षक. आपल्या बाजूचा म्हसवडजवळचा राजेवाडी तलाव दुसऱ्या वर्गातला. हिशेब मात्र दोन्हीकडे तिजोरीचाच. शेतकऱ्याच्या पदरात काय पडलं, याला रकाना नव्हता.

तो रकाना अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी उघडला. पुण्याच्या गोखले संस्थेतर्फे त्यांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांची पाहणी केली. अहवाल १९४८ साली आला. कालव्याखालची शेती आणि कोरडवाहू शेती शेजारी ठेवून त्यांनी उत्पन्न, मजुरी, कारखानदारी असा प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष लाभ मोजला. लाभ कुणालाही होवो, तो खर्चापेक्षा जास्त हवा, हे तत्त्व अमेरिकेच्या १९३६ च्या पूरनियंत्रण कायद्यात आलं होतं. पण आपल्या मातीत ते मोजून दाखवलं गाडगीळांनी, आणि १९६४ मध्ये त्यांच्याच समितीच्या शिफारशीवरून व्याजाची कसोटी मागे पडून लाभव्ययाची आली. खर्चाच्या एका रुपयामागे दीड रुपया लाभ हवा. अवर्षणप्रवण भागाला एकास एक चालेल, ही सवलत पुढे मिळाली.

गणित असं मांडतात. पाणी आल्यावरच्या पिकांचं निव्वळ उत्पन्न काढायचं, त्यातून आजच्या बाजरी-शाळूचं वजा करायचं. हा वार्षिक लाभ. खर्चात भांडवलावर दहा टक्के व्याज, घसारा, देखभाल. उपसा योजना असेल तर पंपांचा आणि दाबनलिकांचा वेगळा घसारा, शिवाय वीजबिल. पाणी जितकं उंच चढवायचं, तितका भागाकार खाली येतो. कराड तालुक्यातल्या टेंभूहून कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं खानापूर-आटपाडीकडे उचलणारी योजना १९९६ साली सुमारे १,४१६ कोटींच्या अंदाजाने मंजूर झाली, तीही याच गणितातून.

या गणितात एक मोठी उणीव आहे. पाण्याअभावी या तालुक्यांतली माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात देशभरच्या सराफबाजारांत पांगली. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांची, पडीक पडलेल्या रानाची किंमत कोणत्याच तक्त्यात लागत नाही. पाणी आल्यावर किती घरं पुन्हा उघडली, हेही त्यात दिसत नाही. गाडगीळांनी अप्रत्यक्ष लाभ मोजला तो गावोगाव फिरून. टेंभूचं पाणी पोचलेल्या आणि न पोचलेल्या गावांची तशीच पाहणी आता विट्याच्या महाविद्यालयांनी हाती घ्यावी.