दोन मीटरांत दोनशे मीटर

गुहागरला आमच्या घरामागे दोन बिऱ्हाडांचा सामाईक गोठा आहे. गुरे गेली तसे त्याचे गॅरेज झाले. गेल्या दिवाळीत पुतण्याने तिथे गॉल्फ खेळायची सोय केली. वाशाला आडवा बांबू, त्यावर जाड कापडाचा पडदा आणि त्यामागे वेलदूरहून आणलेले मासेमारीचे जुने जाळे. संध्याकाळी काकांची गाडी आत यायच्या आधी हे सगळे गुंडाळून वर बांधायचे, या अटीवर परवानगी मिळाली होती. चेंडू पडद्यावर आदळेपर्यंत कॅमेरा त्याचा वेग व कोन टिपतो आणि संगणक सांगतो, ‘दोनशे पाच मीटर’. चेंडू प्रत्यक्षात गेलेला असतो जेमतेम तीन मीटर.

काकांनी विचारले, “पुढचे दोनशे मीटर त्याने पाहिले कुणी?”

प्रश्न रास्त आहे आणि त्याचा इतिहास पुष्कळ मागे जातो. शाळेत आपण प्रक्षेप्याची गती शिकवतो तेव्हा ‘हवेचा रोध नगण्य मानू’ असे एक वाक्य पटकन उरकून पुढे जातो. ते वाक्य इथे लावून पाहू. चांगला खेळाडू चेंडू सेकंदाला सुमारे ७० मीटर वेगाने आणि १० अंशांच्या कोनात मारतो. आपल्या सूत्राने पल्ला येतो १७१ मीटर आणि उड्डाणाचा काळ अडीच सेकंद. प्रत्यक्षात असा चेंडू सव्वादोनशे मीटरच्या आसपास जातो आणि सहा सेकंद हवेत राहतो! हवा अडथळा करते असे आपण सांगतो. इथे हवेमुळे चेंडू अधिक लांब गेला. विद्यार्थ्यांपुढे हे दोन आकडे शेजारी लिहावेत आणि थोडा वेळ गप्प बसावे.

फिरता चेंडू वळतो हे न्यूटनने टेनिसच्या खेळात पाहिले होते. १६७२ च्या प्रकाशाविषयीच्या पत्रात त्याने ते नमूद केले. पण त्यावर प्रयोग केला तो बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने. त्याचा विषय तोफा-बंदुका. १७४२ च्या आपल्या ग्रंथात त्याने गोळीचा वेग मोजण्याची युक्ती दिली : टांगलेल्या जड लाकडी ठोकळ्यात गोळी मारायची, ठोकळा किती झुलला ते मोजायचे आणि संवेगाच्या अक्षय्यतेवरून वेग काढायचा. पुढे त्याने बंदुकीची नळी टोकाशी डावीकडे वाकवली आणि वाटेत ठरावीक अंतरांवर पातळ कागदाचे पडदे उभे केले. गोळी सुरुवातीला डावीकडे गेली, मग उजवीकडे वळली. पडद्यांवरची भोके तिचा मार्ग सांगत होती. नळीच्या उजव्या भिंतीला घासून गोळीला परिवलन मिळाले होते, आणि वळवणारे तेच होते. ऑयलरने रॉबिन्सच्या ग्रंथाचे १७४५ साली जर्मन भाषांतर केले, मात्र परिवलनाचा खुलासा त्याला पटला नाही. दोष गोळीच्या वेड्यावाकड्या आकाराचा, असे त्याचे मत पडले. मोठ्या माणसाच्या नकाराने एखादी गोष्ट किती मागे पडते याचे हे उदाहरण आहे. रॉबिन्स नंतर ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत किल्ल्यांच्या दुरुस्तीसाठी भारतात आला आणि १७५१ साली कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात वारला. आज या परिणामाला माग्नुस या जर्मन शास्त्रज्ञाचे नाव आहे. त्याचे प्रयोग शंभर वर्षांनंतरचे, १८५२ च्या सुमाराचे.

गॉल्फ तोवर आपल्या देशातही आला होता. कलकत्त्याचा क्लब १८२९ चा. चेंडू मात्र पिसे भरलेले, कातडी आणि महाग. १८४८ च्या सुमारास मलायातील गटापर्चा या झाडाच्या चिकाचे चेंडू आले. पुढे समुद्राखालच्या तारायंत्राच्या तारांना जे वेष्टन लागले तेच हे द्रव्य. नवा गुळगुळीत चेंडू नीट उडत नाही, मार खाऊन खरबरीत झालेला छान उडतो, हे खेळाडूंनी लवकरच ओळखले आणि ते चेंडूवर आधीच हातोडीने ओरखडे पाडू लागले. आजच्या चेंडूवरच्या खळग्यांचे मूळ त्यात आहे. कारण कळायला मात्र १९०४ साली प्रांट्लने मांडलेली सीमास्तराची कल्पना यावी लागली.

आता एडिंबरोचे प्राध्यापक पीटर गथ्री टेट. केल्विनबरोबर भौतिकीचा जाडजूड ग्रंथ लिहिणारे, गाठींचे गणित मांडणारे आणि गॉल्फचे वेडे. मुलगा फ्रेडी तर १८९६ आणि १८९८ चा हौशी खेळाडूंचा विजेता. टेटनी गणिताने एक कमाल पल्ला सिद्ध केला आणि दुसऱ्याच दिवशी मुलाने त्याच्या पलीकडे चेंडू मारला, ही गोष्ट फार रंगवून सांगतात. मला ती अन्यायकारक वाटते. टेटना छळत होते ते वर सांगितलेले सहा सेकंद. हवेचा रोध कितीही धरला तरी ते गणितात बसेनात. शिवाय चेंडूचा मार्ग सुरुवातीला किंचित वरच्या बाजूला वाकलेला दिसे. म्हणजे वर उचलणारे काहीतरी आहे. चेंडू उलटा, म्हणजे वरचा भाग मागे जाईल असा फिरत असेल, तर तो हवेला खाली ढकलतो आणि प्रतिक्रियेने स्वतः उचलला जातो.

पण फिरतो हे दाखवायचे कसे? टेटनी चेंडूला एक लांब, पीळ नसलेली फीत बांधली, तिचे दुसरे टोक जमिनीला पक्के केले आणि चांगल्या खेळाडूला चेंडू यार्ड-दोन यार्डांवरच्या घट्ट मातीत मारायला लावला. चेंडू मातीत रुतून बसे. मग फितीला पडलेले पीळ मोजायचे! सेकंदाला ४० ते १२० फेरे, असा हिशेब निघाला. आमच्या गोठ्यातला पडदा आणि ही मातीची भिंत यांत तत्त्वाचा फरक नाही.

पुढची पायरी जे. जे. थॉमसनची. १९१० साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी गॉल्फच्या चेंडूवर व्याख्यान दिले. चेंडूच्या जागी इलेक्ट्रॉनचा झोत, गुरुत्वाऐवजी विद्युत्क्षेत्र, परिवलनाच्या जागी चुंबकीय क्षेत्र. क्षेत्र बदलले की श्रोत्यांसमोर झोत हव्या त्या फटक्यासारखा वाकत असे. चेंडूविना गॉल्फ दाखवणारे हे खरे यंत्र, असे मी मानतो. आजच्या यंत्रांत चेंडूचा मागोवा घेणारे डॉप्लर रडारही असते; २००३ साली डेन्मार्कमध्ये स्थापन झालेल्या ट्रॅकमन कंपनीने ते गॉल्फमध्ये रुळवले.

आमच्या पुतण्याचा कॅमेरा स्वस्तातला. तो वेग मोजतो, परिवलन त्याला दिसत नाही. तो आकडा संगणक अंदाजाने धरतो. तीन मीटर जायला चेंडूला सेकंदाचा अगदी लहान भाग पुरतो, तेवढ्यात तो मोजकेच फेरे घेणार. म्हणून आम्ही टेटचाच प्रयोग करायचे ठरवले. काकूंकडून सुती नाडी घेतली, फळीवर खाचरातली चिकणमाती थापली आणि ती दोन मीटरवर उभी केली. पहिल्या दोन वेळा नाडी सुटली. तिसऱ्या वेळी चेंडू मातीत बसला. कॅमेऱ्याने वेग सेकंदाला ५० मीटर सांगितला, म्हणजे दोन मीटरला ०.०४ सेकंद. आम्ही नाडी उलगडत पीळ मोजले : दोन. सेकंदाला पन्नास फेरे! अर्ध्या फेऱ्याची चूक धरली तरी टेटच्या मर्यादांच्या आसपास.

पुतण्याने तो आकडा संगणकात घालून पल्ला पुन्हा काढायला घेतला होता, तेवढ्यात बाहेर काकांनी हॉर्न वाजवला. सहा वाजले होते. आम्ही पडदा गुंडाळला. मातीची फळी तेवढी भिंतीला टेकून राहिली.