मिस्त्री-ठेकेदार (नागपूर)

वास्तुकलेचे महाविद्यालयीन शिक्षण न घेता, कामावरच शिकून घरे आखणारा व बांधणारा कारागीर. विदर्भात त्याला मिस्त्री किंवा ठेकेदार म्हणतात. एक-दोन मजली खासगी घराची आखणी, मजुरांची जमवाजमव, मालाचा अंदाज आणि घरमालकाची समजूत घालणे ही सारी कामे बहुधा तो एकटाच सांभाळतो. नागपुरातील मोठ्या वास्तूंच्या कर्त्यांची नावे ठाऊक आहेत : उच्च न्यायालयाची इमारत हेन्री मेड यांची, दीक्षाभूमीचा स्तूप शेओदान मल यांचा. मानेवाडा, हुडकेश्वर, वाठोडा, नारी अशा भागांतील साध्या घराच्या नकाशावर मात्र, नकाशा असलाच तर, सही परवानाधारक अभियंत्याची असते. घर ज्याने उभे केले त्याचे नाव मालकाच्या हिशेबाच्या वहीत तेवढे सापडते.

हा व्यवसाय फोफावला तो शहराच्या वाढीमुळे. नागपूर सुधार प्रन्यास १९३६ च्या कायद्याने अस्तित्वात आला, पण त्याच्या योजनांतले भूखंड सगळ्यांना पुरले नाहीत आणि परवडलेही नाहीत. शेतजमिनींचे तुकडे पडून ले-आऊट होत गेले. गिरणी कामगार, रेल्वेतले लोक, शिक्षक यांनी तिथे हजार-पंधराशे चौरस फुटांचे प्लॉट घेतले. पुढे हे अनधिकृत ले-आऊट नियमित करायच्या याद्या निघाल्या. त्या यादीतल्या ले-आऊटच्या संख्येने ओळखल्या जातात. ‘५७२ मधला’ किंवा ‘१९०० मधला प्लॉट’ एवढे म्हटले तरी नागपूरकराला सगळा इतिहास कळतो. असे तुकडे नियमित करण्यासाठीचा महाराष्ट्राचा गुंठेवारी अधिनियम २००१ चा. नियमितीकरणाचे पत्र, म्हणजे बोलीतले ‘आरएल’, हाती येईपर्यंत नकाशा मंजूर होत नसे, आणि मंजुरीच नाही म्हटल्यावर आर्किटेक्टकडे कोण जाणार? घर मात्र पावसाळ्यापूर्वी हवेच असे. ती गरज मिस्त्रीने भागवली. अशा घरांकडे केवळ बेकायदा बांधकाम म्हणून पाहणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे.

मिस्त्रीची घडण पायरीपायरीने होते. सुरुवात बिगारी म्हणून : घमेली उचलायची, माल कालवायचा, विटा भिजवायच्या. मग थापी हातात येते आणि तो गवंडी होतो. सुतात वीट लावणे लवकर जमते. कोपरा ओळंब्यात उचलणे यायला वेळ लागतो, आणि ते आल्याशिवाय त्याला कोणी मिस्त्री म्हणत नाही. नकाशा वाचायला तो बहुधा एखाद्या अभियंत्याच्या साइटवर शिकतो. पुढे स्वतःची माणसे बाळगून ठेका घेऊ लागतो. नागपुरातल्या मजुरांत छत्तीसगड आणि बालाघाटकडून आलेल्यांचा वाटा मोठा असतो. बांधकामावर काम करणाऱ्या स्त्रीला इथे रेजा म्हणतात.

आखणीच्या दिवशी त्याची विद्या उघड दिसते. साहित्य मोजकेच : खुंट्या, सुतळी, टेप, चुन्याची फक्की. एका दोरीवर ३ फूट आणि दुसरीवर ४ फूट मोजून खुणा करायच्या. दोन खुणांमधले अंतर नेमके ५ फूट भरले की कोपरा गुण्यात आला. मोठ्या खोलीला हेच माप दुपटीने घेतात. पातळी पाहायला पाणी भरलेली पारदर्शक नळी. ती दोन जणांनी दोन टोकांना धरायची आणि पाणी स्थिर झाले की भिंतीवर रेघ मारायची. नळीत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी जोते चुकते, म्हणून जाणता मिस्त्री नळी स्वतः भरतो.

पायाच्या बाबतीत नागपूरची जमीन फसवी आहे. सीताबर्डीच्या टेकडीत वर बेसाल्ट, त्याखाली लमेटा थर आणि तळाशी नीस खडक आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणाची पूर्वेकडची कड या शहराजवळ संपते. त्यामुळे एका वस्तीत कुदळ लवकर मुरुमाला लागते, तर दुसरीत काळी माती सरतच नाही. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. ‘काळीत पाया ठेवायचा नाही, मुरूम लागेपर्यंत खणायचे’ हा मिस्त्रीचा नियम शास्त्राला धरून आहे. काळी काढून मुरूम भरणे आणि सगळ्या भिंती एका प्लिंथ बीमने बांधून घेणे हेही त्याने अनुभवातून पत्करले. काळीचा थर फार खोल निघाला तर जमिनीत खाली फुगीर बुडाचे खांब घेण्याची पद्धत आहे. रुडकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेने ती विकसित केली. लहान घरात तो खर्च मालकाला जड जातो, आणि इथेच तडजोड होते. काही पावसाळ्यांनी खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते, ती या तडजोडीची.

दुसरा प्रश्न उन्हाचा. मे २०१३ मध्ये नागपुरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. जिना, न्हाणीघर, संडास पश्चिमेला घेऊन राहत्या खोल्यांना आडोसा करणे, छज्जा पुढे काढणे, कूलरसाठी खिडकीबाहेर जागा ठेवणे हे चांगल्या मिस्त्रीला सांगावे लागत नाही. अडचण येते ती वास्तुशास्त्राचे नियम पाळताना : स्वयंपाकघर आग्नेयेला, देवघर ईशान्येला हे साधता साधता पंधराशे चौरस फुटांच्या प्लॉटवर वाऱ्याची वाट बंद होते. मालापैकी वाळू कन्हान नदीची, ब्रास या मापाने मोजलेली. कोराडी व खापरखेडा वीज केंद्रांच्या राखेच्या विटाही आता रुळल्या आहेत. राखेच्या वापराचे बंधन घालणारी केंद्राची पहिली अधिसूचना १९९९ ची.

मिस्त्रीच्या ज्ञानाची मर्यादा स्लॅबच्या दिवशी कळते. पहाटे नारळ फुटतो, मिक्सर सुरू होतो, रेजांच्या रांगेतून घमेली वर जातात, आणि त्या दिवशी मजुरांना मालकाकडून जेवण असते. काँक्रीट हलवायला सोपे जावे म्हणून मिक्सरमध्ये जास्तीचे पाणी ओतले जाते. या सवयीने काँक्रीटची ताकद घटते, आणि वरून गिलावा झाला की ते कोणाला दिसत नाही. बाहेर काढलेल्या गॅलरीत सळई वरच्या अंगाला हवी. काम चालू असताना पाय पडून ती खाली दबली तर गॅलरी कमकुवत होते. लोंबत्या भागाचा ताण वर असतो हे न शिकलेल्याला उमगणे अवघड आहे. उलट स्लॅबवर मातीची आळी करून पाणी साठवण्याचे काम मिस्त्री मन लावून करून घेतो. भारतीय मानक ४५६ नुसार उष्ण व कोरड्या हवेत काँक्रीट किमान १० दिवस ओले ठेवावे लागते. नागपूरच्या मे महिन्यात त्यात कसूर परवडत नाही.

कायद्यात मिस्त्रीचे स्थान चमत्कारिक आहे. १९७२ च्या वास्तुविशारद अधिनियमात, पहिल्या नोंदणीसाठी नेमलेल्या तारखेपूर्वी किमान ५ वर्षे वास्तुविशारद म्हणून व्यवसाय केलेल्यांना पदवीशिवाय नोंदणीची वाट ठेवली होती. ती त्या वेळेपुरतीच होती. १७ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की हा कायदा ‘आर्किटेक्ट’ या पदनामाला संरक्षण देतो, आखणीचे काम करण्यास इतरांना मनाई करत नाही. नाशिकच्या घरात सून म्हणून आलेल्या आणि पुढे हिमाचलात मातीची घरे बांधणाऱ्या डिडी कॉन्ट्रॅक्टर (१९२९–२०२१) अशाच वास्तुकलेच्या पदवीविना शिकलेल्या. त्यांना नारी शक्ती पुरस्कार मिळाला. मिस्त्रीच्या कामाकडे त्या नजरेने कोणी पाहिलेले नाही. त्याची घरे मोजून, त्यांचे आराखडे काढून ठेवण्याचे काम नागपुरातल्या वास्तुकला विद्यार्थ्यांनी हाती घ्यायला हवे.

ठेका ‘लेबर रेट’ने किंवा ‘विथ मटेरियल’ होतो. दर चौरस फुटावर ठरतो आणि पैसे जोते, लिंटल, स्लॅब, प्लास्टर अशा टप्प्यांवर मिळतात. काही मिस्त्री पुढे लहान फ्लॅट स्कीम काढून बिल्डर होतात. भूखंड ५०० चौरस मीटरपर्यंत किंवा फ्लॅट ८ पर्यंत असतील तर अशी योजना महारेराच्या नोंदणीबाहेर राहते. घरबांधणी १९९३ पासून ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आहे. पण लहान ठेके बहुधा तोंडी होतात, फार तर वहीच्या पानावर. त्यामुळे भेग पडली तर मालकाकडे दाखवायला कागद नसतो, आणि शेवटचा हप्ता बुडाला तर मिस्त्रीकडेही नसतो.