दहा वाजेपर्यंत सगळं सुरळीत

१२ ऑक्टोबर २०२०, पहाटे साडेचारचा सुमार

मुंबईसाठी वीज आणणाऱ्या, भिवंडी तालुक्यातल्या पडघ्याहून कळव्याला येणाऱ्या ४०० केव्हीच्या दोन सर्किटांपैकी पहिलं ट्रिप झालं. पुण्याकडून खारघरला येणारी एक लाइन दोन दिवस आधीच बंद पडली होती. तरी ठाण्यात कुणाचा पंखा थांबला नाही. भार मुकाट्याने दुसऱ्या सर्किटवर आणि इतर वाटांवर गेला.

सकाळी सातच्या आत

पडघ्यात दुसऱ्या सर्किटच्या आयसोलेटरवर ठिणग्या उडू लागल्या, म्हणून तेही माणसांनी स्वतःच बंद केलं. त्यांचं चुकलं नाही. सैल किंवा तापलेली जोडणी चालू ठेवणं म्हणजे आगीला आमंत्रण. फक्त आता कळव्याला पडघ्याचा आधार उरला नव्हता.

सात ते दहा

मला हेच तीन तास सगळ्यात भयंकर वाटतात, कारण दिवे चालू होते. सोमवारची सकाळ, ऑक्टोबर हीट, वाढती मागणी आणि कमी झालेल्या वाटा.

डोंबिवली एमआयडीसीतल्या एखाद्या ऑफिसात सर्व्हरची रॅक पाहा, तिथेही हेच चालतं. प्रत्येक सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय, रॅकमध्ये वीज वाटणाऱ्या दोन पट्ट्या (पीडीयू), प्रत्येकाला १६ अँपिअरचा एमसीबी. दोन्हींवर १२-१२ अँपिअर भार, म्हणून मालक निर्धास्त. एक बाजू गेली की उरलेल्या बाजूवर २४ अँपिअर येतात. एमसीबी लगेच पडत नाही. दीडपट भाराला तो काही मिनिटं, कधी त्याहून जास्त वेळ दम धरतो आणि मग पडतो. म्हणजे दुसरी वायर नावापुरती. दोन्हींचा भार मिळून एका बाजूला पेलेल एवढाच हवा, इथे तो फार तर १२-१३ अँपिअर. त्यातून काही महाभाग दोन्ही वायरी एकाच यूपीएसला लावतात, वर स्वस्तातला एक्स्टेन्शन बोर्ड!

दहा वाजून काही मिनिटं

ग्रिडच्या उरलेल्या वाटांनाही भार पेलला नाही. कळवा आणि खारघर इथली उपकेंद्रं ट्रिप झाली, फ्रिक्वेन्सी कोसळली. अशा वेळी मुंबईने बाहेरच्या ग्रिडपासून सुटून स्वतःच्या विजेवर तग धरावा, ही आयलंडिंगची व्यवस्था १९८१ पासूनची. पण शहरातली निर्मिती शहराच्या भाराला पुरली नाही आणि मुंबईची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. कोविडचे दिवस होते, त्यामुळे गाड्यांत अत्यावश्यक सेवेतली माणसं होती. घरून काम करणाऱ्यांचे राउटर विझले. जिथे यूपीएसने पहिले क्षण सांभाळले आणि जनरेटर वेळेत उचलला, तिथले सर्व्हर चालत राहिले.

दुपार

बाराच्या सुमारास लोकल हलू लागल्या. वीज टप्प्याटप्प्याने सोडली गेली, कारण सगळा भार एकदम अंगावर घेतला तर ग्रिड पुन्हा बसतं. रॅकचंही तसंच. वीज आल्याबरोबर सगळे सर्व्हर एकदम सुरू झाले की सुरुवातीच्या झटक्याने एमसीबी पडतो, म्हणून शहाणा तंत्रज्ञ ते एकेक करून चालू करतो.

पुढे

२०२१ च्या मार्चमध्ये मुंबईची वीज जाण्यामागे चिनी हॅकर असल्याची चर्चा रंगली. राज्याने घातपाताची शक्यता बोलून दाखवली, केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक म्हटलं. हॅकरची गोष्ट अर्थातच जास्त चालली. आयसोलेटरवरच्या ठिणग्यांवर कोण सिनेमा काढणार? पण सातनंतर मागणी चढत असताना काही भार ठरवून कमी का केला नाही, हा प्रश्न हॅकर असो वा नसो, उरतोच.