नेटवर्क गेले तरी वाट सापडावी म्हणून...

सह्याद्रीतील एखाद्या घाटात मोटार शिरते, पावसाचा जोर वाढतो आणि मोबाइलच्या पडद्यावरील सिग्नलच्या रेघा एकेक करून नाहीशा होतात. पुढच्या फाट्यावर वळण चुकते. एरवी क्षणात नवा मार्ग सुचविणारा नकाशा या वेळी कोरा पडतो. सुटीच्या दिवशी शहराबाहेर पडणाऱ्या अनेकांना हा अनुभव नवा नाही. अंधार पडलेला असेल आणि सोबत लहान मुले वा वृद्ध असतील, तर ही गैरसोय चिंतेचे कारण ठरते. मात्र घरून निघण्यापूर्वी काही मिनिटांची तयारी केल्यास हा प्रसंग टाळता येतो.

उपग्रहांना इंटरनेट लागत नाही

‘नेट नाही म्हणजे जीपीएस नाही’ हा समज सर्वत्र आढळतो; तो चुकीचा आहे. जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत संदेश प्रसारित करीत असतात. स्मार्टफोन हे संदेश केवळ ग्रहण करतो. किमान चार उपग्रहांचे संदेश मिळाले की, ते पोहोचण्यास लागलेल्या वेळावरून तो स्वतःचे स्थान काढतो. यासाठी सिमकार्डाचीही गरज नसते. इंटरनेटवरून येतो तो स्थानाभोवतीचा नकाशा. तो आधीच फोनमध्ये साठविलेला असल्यास नेटवर्कवाचूनही काम चालते.

इंटरनेट असताना उपग्रहांच्या कक्षांची माहिती फोनला चटकन मिळते. ते नसेल तर ती थेट उपग्रहाकडून घ्यावी लागते आणि पहिले स्थान कळण्यास थोडा अधिक वेळ जातो. त्यामुळे उघड्या आकाशाखाली मिनिटभर थांबणे हिताचे असते.

नकाशा कसा साठवावा?

‘गूगल मॅप्स’मध्ये ही सोय आहे. वर कोपऱ्यातील आपल्या छायाचित्रावर बोट ठेवल्यास ‘ऑफलाइन नकाशे’ हा पर्याय दिसतो. तेथे स्वतःचा नकाशा निवडण्याची सूचना दिली की पडद्यावर चौकट उमटते. ती लहानमोठी करून हवा तो प्रदेश तिच्यात बसवावा आणि नकाशा उतरवून घ्यावा. केवळ मुक्कामाचे गाव निवडणे पुरेसे नाही; संपूर्ण मार्ग आणि त्याच्या दोन्ही बाजूंचा परिसर चौकटीत असावा. अन्यथा वाट चुकल्यावर नेमका तोच भाग हाती नसतो. नकाशाचा आकार मोठा असल्याने हे काम घरच्या वाय-फायवर उरकणे सोयीचे. आयफोनवरील ‘अ‍ॅपल मॅप्स’मध्येही २०२३ मधील आयओएस १७ पासून ही सुविधा उपलब्ध आहे.

पायवाटांसाठी वेगळा पर्याय

‘गूगल मॅप्स’चा साठविलेला नकाशा वाहनाचा मार्ग सांगतो, पायी चालण्याचा मार्ग मात्र नेटवर्कविना सांगत नाही. गडकिल्ल्यांवर जाणाऱ्यांनी म्हणूनच ‘ऑर्गॅनिक मॅप्स’ किंवा ‘ऑसमँड’ यांचा विचार करावा. हे दोन्ही ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या २००४ मध्ये सुरू झालेल्या, जगभरातील स्वयंसेवकांनी घडविलेल्या नकाशावर आधारलेले आहेत. त्यांत प्रदेशवार नकाशे उतरवून घेता येतात आणि पायवाटांचा मार्गही इंटरनेटशिवाय मिळतो. अर्थात, जी वाट कोणा स्वयंसेवकाने नोंदविलेली नाही, ती त्यांतही दिसणार नाही. नकाशावरील रेघ म्हणजे सुरक्षित वाटेची हमी नव्हे.

साठविलेल्या नकाशाच्या मर्यादा

साठविलेला नकाशा ज्या दिवशी उतरविला, त्या दिवसापुरताच जाणकार असतो. आज सकाळी कोसळलेली दरड, पाण्याखाली गेलेला पूल किंवा पावसाळ्यात वाहतुकीस बंद केलेला घाट यांची खबर त्याला नसते. रस्त्यावरील कोंडीही तो दाखवीत नाही. दरडींचा धोका असलेल्या वरंधा घाटासारख्या मार्गाने जाताना रस्ता खुला आहे ना, याची चौकशी आदल्या दिवशी आणि वाटेतील शेवटच्या मोठ्या गावात करावी. ‘गूगल मॅप्स’मधील नकाशांना मुदत असते, त्यामुळे ते वेळोवेळी अद्ययावत करावेत.

निघण्यापूर्वी

नकाशा उतरल्यावर इंटरनेट बंद करून, त्याच मार्गाचा शोध घेऊन पाहावा; उणीव राहिली असल्यास ती घरीच लक्षात येते. मुक्काम, पेट्रोल पंप आणि जवळचे रुग्णालय यांच्या खुणा आधीच करून ठेवाव्यात. सिग्नल शोधत राहणाऱ्या फोनची बॅटरी लवकर उतरते, म्हणून मोटारीत चार्जर आणि पदभ्रमंतीत पॉवर बँक हवीच.

संकटसमयी नकाशावर स्वतःच्या स्थानाचे अक्षांश-रेखांश पाहता येतात. ते कागदावर टिपून ठेवल्यास मदतकर्त्यांना नेमके ठिकाण सांगता येते. स्वतःच्या कंपनीचे नेटवर्क नसले, तरी परिसरात अन्य कंपनीचे असल्यास ११२ या आपत्कालीन क्रमांकावर फोन लागू शकतो.

आणि एवढी सिद्धता करूनही नकाशा एक वाट दाखवीत असेल आणि गावकरी दुसरी, तर गावकऱ्याचे ऐकावे. कालच्या पावसाने काय केले, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते.