चार्ली नसलेली पाने

सप्टेंबर १९६०मध्ये जॉन स्टाइनबेक चार्ली नावाच्या पूडलला घेऊन, ट्रकवर बसवलेल्या फिरत्या घरातून अमेरिका पाहायला निघाला. ‘ट्रॅव्हल्स विथ चार्ली’ (१९६२) आम्ही एकट्याचे प्रवासवर्णन म्हणूनच शिकवत आलो. प्रत्यक्षात सिएटलपासून पुढे पत्नी इलेन बराच काळ सोबत होती. छापील पुस्तकातून ती तेथे गळली. मग चार्लीशी झालेल्या गप्पांतल्या किती मूळच्या इलेनशी, असा खट्याळ प्रश्न आम्हाला पडतो.

न्यू ऑर्लिन्समध्ये मात्र सोंग संपते. गोऱ्यांच्या शाळेत जाणाऱ्या चिमुकल्या कृष्णवर्णीय मुलीला शिव्या घालणारा जमाव पाहायला तो गेला, तेव्हा गाडी आणि चार्ली वाहनतळावर ठेवून त्याने टॅक्सी घेतली. बोलायला कुत्राही नाही. पुस्तकातली सर्वांत अस्वस्थ पाने नेमकी तीच.