विस्तव, वीज आणि कॉम्प्युटर

परवा नात दहिवलीला राहायला आली होती. रात्री झोपताना मी सवयीप्रमाणे कॉम्प्युटर बंद केला, भिंतीवरचं बटणही बंद केलं. तर ती म्हणते, "आजी, रोज कशाला बंद करतेस? सारखा चालू-बंद केला की उलट लवकर खराब होतो." गंमत म्हणजे तिचे बाबा, म्हणजे आमचे चिरंजीव, वीस वर्षांपूर्वी नेमकं हेच म्हणाले होते! मुलगा सांगतो, नात सांगते, तेव्हा यात काहीतरी तथ्य असणार. पण मी पडले इतिहासाची शिक्षिका. एखादी समजूत कानावर आली की ती आली कुठून, हे पाहिल्याशिवाय चैन पडत नाही.

सुरुवात आमच्या चुलीपासून करते. माझी आजी रात्री चूल पूर्ण विझू देत नसे. निखारे राखेखाली झाकून ठेवायची आणि पहाटे फुंकणीने फुंकून त्यावरच चूल पेटवायची. रॉकेलची चिमणी मात्र खोलीतून उठताना न चुकता मालवायची. लहानपणी मला हे कोडं वाटायचं. विस्तव रात्रभर जपायचा आणि दिवा क्षणभरही उगाच जळू द्यायचा नाही! हिशोब साधा होता. विस्तव नव्याने पेटवणं खटपटीचं, आणि राखेखाली तो जवळजवळ फुकट टिकायचा. दिवा लावायला वेळ लागत नसे, पण जळताना तो रॉकेल खायचा.

हाच हिशोब आमच्या कर्जत स्टेशनातही होता. १८६३ साली भोर घाटातून रेल्वे सुरू झाली. घाट चढायला गाडीला कर्जतला जादा इंजिनं लावतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. कोळशाच्या इंजिनात वाफ तयार व्हायला काही तास लागत. त्यामुळे काम नसतानाही आग धगधगती ठेवावी लागे. १९२९-३० च्या सुमारास या मार्गावर विजेची इंजिनं आली आणि ती गरज संपली.

आता कॉम्प्युटरकडे वळू. अमेरिकेत १९४५-४६ साली एनिॲक नावाचं अवाढव्य यंत्र तयार झालं. त्यात सुमारे १८ हजार व्हॉल्व्ह होते. (जुन्या रेडिओत काचेचे दिव्यासारखे असायचे ना, तेच.) हे व्हॉल्व्ह बहुतेक वेळा जायचे ते तापताना आणि थंड होताना, म्हणजे यंत्र सुरू किंवा बंद करताना. म्हणून त्या लोकांनी ते शक्यतो बंदच करायचं नाही असं ठरवलं. नातीच्या बोलण्याचं मूळ मला इथे सापडलं!

आपल्याकडेही असं यंत्र होतं. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सुरू झालेल्या कॉम्प्युटरमध्ये सुमारे २,७०० व्हॉल्व्ह होते. १९६२ साली नेहरूंनी त्याचं 'टिफ्रॅक' असं नामकरण केलं. पुढे ट्रान्झिस्टर आले, चिप आल्या, व्हॉल्व्ह गेले. भीती मात्र राहिली.

घरगुती कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कला सुरू होताना ताण पडतो हे खरं, पण हजारो वेळा चालू-बंद होईल हे धरूनच ती बनवलेली असते. आमच्या पहिल्या कॉम्प्युटरचा घात बंद करण्याने झाला नाही, तो भारनियमनाने झाला. आठवतात ना २००५ नंतरची ती वर्षं? 'बरहा'वर तासभर टाइप करावं आणि सेव्ह करण्याआधीच वीज जावी! असा अचानक गेलेला कॉम्प्युटर वेगळा आणि आपण रीतसर बंद केलेला वेगळा.

मग चालू ठेवण्याचा खर्च किती? जुना, मोठ्या डब्यासारख्या मॉनिटरचा कॉम्प्युटर शंभर वॉट सहज खायचा. रात्रीचे दहा तास चालू राहिला तर एक युनिट. वाटतं, एका युनिटने काय होतंय? ते एक युनिट पाण्यात मोजून पाहिलं. खोपोलीच्या वीजघरावर लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांतलं पाणी सुमारे पाचशे मीटरवरून पडतं. १९१५ पासून पडतंय. तेवढ्या उंचीवरून एक युनिट वीज मिळवायला साधारण नऊशे लिटर पाणी सोडावं लागतं. म्हणजे आमच्या गच्चीवरची टाकी जवळजवळ पूर्ण! (आमच्या घरची वीज काही थेट खोपोलीहून येत नाही, पण अंदाज यावा म्हणून सांगितलं.)

खोपोलीनंतर १९२२ साली आमच्या शेजारचं भिवपुरी आणि १९२७ साली भिरा सुरू झालं. तिन्हींची वीज मुंबईसाठी. भिऱ्याला पाणी मिळावं म्हणून मुळशीचं धरण झालं. त्याविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ साली सत्याग्रह उभा राहिला. शाळेत हा धडा मी किती वर्षं शिकवला, पण एक गोष्ट वर्गात कधी सांगितली नाही. माझ्या आजीचं माहेर त्याच धरणाखाली गेलं. तिला पुन्हा माहेरपणाला जाता आलं नाही. आमच्या घरी वीज आली तेव्हा सगळ्यांना आनंद झाला, तिलाही झाला. पण रिकाम्या खोलीत बल्ब दिसला की ती उठायची, गुडघे दुखत असले तरी उठायची, आणि बटण बंद करायची. एक शब्द बोलायची नाही. आम्ही तिला चिक्कू म्हणून हसायचो. आज त्या हसण्याची लाज वाटते.

नातीला मी हे सगळं सांगितलं. म्हटलं, जेवायला उठलीस तर कॉम्प्युटर स्लीपवर टाक, आताची यंत्रं झोपेत फार थोडी वीज घेतात. ती आजीची राख समज. रात्री मात्र बंद कर. ती काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी मी झोपायला गेले तर भिंतीवरचं बटण आधीच बंद होतं.

असो. तुमच्या घरी काय पद्धत आहे? आणि तुमच्याही आजीचं गाव असं एखाद्या धरणाखाली गेलं असेल, तर जरूर लिहा.